तिसऱ्या जागेवरचा हात

गुलमंडीत जाऊन बांगड्या भरणं, हे आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम. हर्सूलहून दहाची सिटी बस धरली. तिच्या भाच्याचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. तिला हिरव्या पाहिजे होत्या, सोनेरी ठिपक्याच्या.

बाप्या माणूस चुडीवालीच्या फळीवर बायकोला खेटून बसत नाय. मी बसायचो. समोरचा कापडवाला दर वेळी हसायचा, "मामा, तुम्हाला कितीच्या मापाच्या?" एकदा मी त्याची गचांडी धरून त्याला त्याच्याच गठ्ठ्यावर पाडला होता. तरी हसायचाच.

चुडीवाली म्हणजे आमची आपा. माझ्याच वयाची, मनियाराच्या, म्हणजे मुसलमान कासाराच्या घरची. त्या दिवशी ती दुकानात नव्हती, तिची सून होती. "अम्मी अजिंठेकू गये, मेरी ननद के पास. कल सुबे की गाडी से आते," सून म्हणाली. "आव ना चाची, मै भरती."

उजव्या हातात बारा चढल्या, एकापाठी एक. डाव्या हातातल्या जुन्या चार हिनं आपणच फळीच्या कडेवर आपटल्या. बायका बांगडी फुटली म्हणत नायत, वाढली म्हणतात. फुटली म्हणलं की नवऱ्यावर बेततं म्हणे. माझ्यावर कधी काय बेतलं नाय. जे बेतलं ते तिच्यावर.

मग नवी डाव्या हातावर आणली. अंगठ्याच्या बुडाशी आली आणि अडकली. सुनेनं रेटली. कट् करून दोन तुकडे. दुसरी घेतली, साबण लावला. ती पण गेली. मी म्हणलं, "थांब, मी धरतो, असं धरायला लागतं." सून लाजली का चिडली, कोण जाणे. "नक्को चाचा, मै करती," म्हणाली आणि तिसरी जोर लावून घुसवली. काच घुसली. मनगटावरून रक्ताची रेघ कोपरापर्यंत आली.

मी उठून ओरडलो. "हात हाय का लाकूड? येत नाय तर बसतीस कशाला दुकानात?" आणि समोरची काचेची पेटी अशी ढकलली, की अख्खी गुलमंडी वळून बघू लागली.

माझी बायको बसल्या जागेवरून म्हणाली, "तिच्यावर कामून ओरडता? हात तिनं वाकडा केला का?"

सगळ्यांच्या देखत. हळूच, पण कापडवाल्याला ऐकू जाईल असं. इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली.

सुनेनं उरलेल्या नऊ वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. "कल आव चाची, अम्मी भरेंगे." आम्ही बसमधे बसलो. तिनं उजव्या हातानं दांडा धरला होता, बारा बांगड्या खळखळत होत्या. डावा हात पदराखाली. तो तिनं घरापर्यंत बाहेर काढला नाय.

आता हात कसा वाकडा झाला ते सांगतो.

मी चौथी शिकलेलो. एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिपाई होतो, पस्तीस वर्षं. आमच्या मॅडम आस्कंदावर काम करायच्या. आस्कंद म्हणजे अश्वगंधा. मुळी चोळली की घोड्याच्या मुतासारखा वास येतो, तेच झाड. झाडाला लई छळलं आम्ही. कुंड्या कधी गरम कपाटात कोंडायच्या, कधी थंडीत. झाडाला मारलं की त्याच्या पाल्यात एक एन्झाइम जास्त तयार होतं, असं मॅडम सांगायच्या. मग पाला ओरबाडायचा, त्याच्यावर नायट्रोजनचं धुराचं पाणी ओतायचं, की पानं काचेसारखी कडक होतात. ती मी खलात घालून कुटायचो. तो आवाज मला आवडायचा. कुणी बोललेलं असलं, साहेबानं झापलेलं असलं, तर तो राग मी खलात काढायचो. पानांचं पीठ व्हायचं.

ते एन्झाइम करतं काय, हे मला मॅडमनी एकदा पाटीवर काढून दाखवलं. "मामा, हे स्टेरॉल. मेणासारखं असतं, पाण्यात विरघळत नाही. ह्या चार कड्या, एकीला एक चिकटलेल्या. आणि हा तिसऱ्या जागेवरून बाहेर आलेला हात. एन्झाइम ग्लुकोज उचलतं आणि ह्या हातावर चढवतं."

मी म्हणलं, "म्हणजे कासार की हो. बांगडी भरतोय."

मॅडम खो खो हसल्या. तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत त्याचं नाव कासारच पडलं. पोरंपोरी पण म्हणायची, आज कासार झोपलाय, आज कासार कामावर आला. कामच ते होतं, की हा कासार कुणाकुणाला बांगडी भरतो ते शोधायचं. ज्याला भरतो त्याला मॅडम सब्स्ट्रेट म्हणायच्या. एकेका नळीत वेगळं स्टेरॉल टाकायचं आणि बघायचं. काचेच्या पट्टीवर पांढरी भुकटी लिंपलेली असायची, तिच्यावर ठिपके द्यायचे, आम्ल फवारायचं, भट्टीत तापवायचं. जांभळे डाग उठायचे. नुसतं स्टेरॉल वर पळायचं. साखर चढली असली की डाग खालीच बसायचा, जड होऊन.

कासार लई चोखंदळ होता. त्याच पाल्यातून आम्ही औषधी गुणाचं एक स्टेरॉल काढलं होतं, त्याला पार शेपटाकडं, सत्ताविसाव्या जागेवर एक हात. आमचा कासार त्या हाताला शिवायचा नाय. त्याच्यासाठी झाडानं दुसरा ठेवलेला. मॅडमना ह्याचं लई कौतुक. मी म्हणायचो, असंल बाबा, बांगड्याचं दुकान हाय, ज्याचं गिऱ्हाईक त्याच्याकडं.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, "मामा, फ्रीजमधली अमक्या स्टेरॉलची बाटली आणा." कासार पार गाळून, निवडून, स्वच्छ काढायला दीड महिना गेला होता. एवढासा होता, बर्फात ठेवलेला. मी बाटली आणली. घाईत त्यांनी पण चिठ्ठी बघितली नाय. सगळ्या नळ्यांत तेच गेलं. तीन दिवस पट्ट्या भाजल्या, डाग सगळे वर. एकावर पण साखर नाय. कासार संपला.

मग कुणीतरी बाटली उचलून वाचली. त्या फ्रीजमधे दोन बाटल्या होत्या. इंग्रजी नाव वीतभर लांब, दोन्हीवर तेच. आधी नुसतं एक गिरगटलेलं अक्षर, ते वेगळं. मी मागची अक्षरं जुळवली, पुढचं बघितलंच नव्हतं.

"एवढं वाचता येत नाही तुम्हाला?" मॅडम ओरडल्या. पंधरा पोरांसमोर. "दीड महिना माझा पाण्यात!" त्यांनी पट्टी आपटली, ती माझ्या पायाशी फुटली. खाली बसून मीच गोळा केली.

घरी गेलो. बायको चुलीपुढं भाकर थापीत होती. कोपरापर्यंत पीठ. सांगितलं तिला काय झालं ते. सांगायला नको होतं. ती हसली. वाईट हसली नाय, पण हसली. "मग चष्मा लावा की आता. का पोरीच्या पाटीवर परत अ आ गिरवता?"

मी तिचं डावं मनगट धरलं आणि पिळलं. बाहेरच्या बाजूला, सगळ्या अंगाचा जोर लावून. ती "अवो, अवो" करू लागली, मी अजून पिळलं. बांगड्या माझ्या पंज्याखाली फुटल्या, काही तिच्या मांसात गेल्या, काही माझ्या. मग आतून आवाज आला. तो आवाज मला माहीत होता. नायट्रोजनमधली पानं खलात असाच आवाज करतात.

तव्यावर भाकर जळत होती. ती कुणी उतरवली ते मला आठवत नाय.

दवाखान्यात ती आपणहून म्हणाली, हापशीवर पाय घसरला. तिच्या भावाला तेच, शेजारीपाजारी तेच. हाड वाकडं जुळलं. अंगठ्याच्या बुडाशी उंचवटा राहिला, अंगठा आत मुडपेना.

मी चार दिवसांनी कामावर गेलो, तर मॅडम हसऱ्या. "मामा, या या. तुमच्या चुकीनं बरंच कळलं, बघा. ती दोन्ही स्टेरॉल एकसारखीच. कडी न कडी तीच. फक्त तिसऱ्या जागेवरचा हात एकाचा वर वळलेला, एकाचा खाली. बस, तेवढ्यानं कासार शिवतसुद्धा नाही. हात वाकडा असला की हा बांगडी भरत नाही, मामा!" पोरं हसली. मी मोरीवर जाऊन नळ सोडला. हातातला काचेचा चंबू ओट्यावर आपटला, मग दुसरा आपटला. मॅडमना वाटलं, निसटले.

पलस्तर निघाल्यावर ती बांगड्या भरायला गेली. गुलमंडीतल्या तीन दुकानांत तिच्या हातावर बांगड्या फुटल्या. बाईमाणसाचं डावं मनगट रिकामं. वाड्यावस्त्यांवर बायका विचारत्यात, काय झालं माय, मालक हायत ना? चौथं दुकान आपाचं. आपानं हात मांडीवर घेतला, अंगठ्यानं चाचपला, बराच वेळ. मग माझ्याकडं बघितलं, मी रस्त्यात उभा होतो. "इधर आव भाई," म्हणाली. मी गेलो. बायकोला ऐकू जाणार नाय असं म्हणाली, "ये गिरके नै टूट्या."

मी माघारी वळायला लागलो.

"बैठो. तुमच पकडो." आणि तिनं मला दाखवलं. मनगट खालून धरायचं, अंगठ्याचं बूड आत दाबायचं, आणि हात हळूच बाहेरच्या बाजूला पिळायचा. ज्या बाजूला मी पिळला होता त्याच बाजूला, तितकाच नाय, थोडासाच. तेवढ्यानं हाड दबतं आणि बांगडी जाते. मी धरलं. माझी बायको दचकली, सगळ्या अंगानं. आपानं तिच्याकडं बघितलंच नाय, बांगड्या चढवत राहिली.

तेव्हापासून दर खेपेला मी जायचो आणि धरायचो. अठ्ठावीस वर्षं. आणि दर खेपेला माझा हात लागला की ती दचकायची. हसत असली, लग्नाच्या गप्पा मारीत असली, तरी. हात ओढायची नाय. दचकायची.

तर त्या दिवशी गुलमंडीहून आलो. तिनं चहा केला, एका हातानं माझ्यापुढं आदळला. पाच वाजता म्हणाली, छातीत जळजळतंय. सहा वाजता भिंतीला टेकून बसली होती ती तशीच गेली. रिक्षा दारात यायच्या आत. मी तिला हालवलं, थोबाडीत मारली, उठ म्हणलं, उठ गं. शेजाऱ्यांनी मला ओढून बाजूला केलं.

तिचा भाऊ जालन्याहून यायचा होता, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं.

सकाळी बायकांनी तिला न्हाऊ घातलं. सवाष्ण गेली, म्हणजे हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, आणि हिरवा चुडा. उजव्या हातात बारा होत्याच. तिच्या भावजयीनं वर्तमानपत्रातल्या नऊ काढल्या आणि डावा हात धरला. मेलेल्या माणसाचा हात, रात्रभरात लाकूड झालेला. एक फुटली. भावजय म्हणाली, "वाढली गं माय." दुसरीला तिनं गुडघा रोवला. ती पण फुटली. कातडी फाटली, रक्त आलं नाय. त्यानं माझं डोकं फिरलं. रक्त यायला पाहिजे होतं.

"सोड," मी म्हणलं. "सोड तिचा हात!"

"मग काय करायचं दाजी?" तिचा भाऊ दारातून म्हणाला. "एका हातात हायत ना? डाव्याला हिरवा दोरा बांधा. ऊन व्हायलंय. हापशीवर पडली तवापासून तो हात तसाच हाय, तुम्हाला माहीत नाय का?"

"नाय," मी म्हणलं.

"काय नाय?"

"हापशीवर पडली नव्हती. मी मोडला."

मी परत म्हणलं, ऐकू गेलं नसंल तर म्हणून. "मी पिळला तिचा हात. भाकरी करताना. ती रांडमुंड बाईसारखी रिकाम्या मनगटानं जाणार नाय. चुडीवाली येईपर्यंत उचलायचं नाय. उचलाल तर आधी मला आडवा करा."

मेव्हण्यानं मला आडवाच केला. पासष्टीचा माणूस, पण मनगटात जोर. एक कानाखाली, एक तोंडावर. खाली पडलो तर लाथ घातली बरगडीत. कुणी मधे आलं नाय, आणि येऊ पण नये. मी हात वर केला नाय. तोंडातून दात निघाला का ओठ फाटला, ते कळायला वेळ लागला.

मी पोरीकडं बघितलं. सिडकोत असते, दोन लेकरांची आई. मला वाटलं, आता ही तोंड फिरवंल. ती आईच्या पायाशी बसलेली. म्हणाली, "मला माहीत होतं बाबा. मी दारात होते. भाकर मीच उतरवली." मग मामाकडं वळली. "मामा, बस झालं. त्यांना जाऊ द्या. आईला त्याच बाईकडून भरायच्या असायच्या."

भावजय पुटपुटली, "मुसलमान बाईला आता मयताला शिवू द्यायचं का?"

"तुम्ही शिवलात ना मामी," माझी पोरगी म्हणाली. "दोन फोडल्यात. आता तिला शिवू द्या."

मी उठलो आणि रस्त्यावर गेलो. अजिंठ्याकडून येणाऱ्या सगळ्या गाड्या हर्सूलवरूनच शहरात शिरतात, जेलच्या पुढून. मी डांबरी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो.

पहिली एसटी थांबेना. मी तशीच अंगावर घेतली. ब्रेक किंचाळले, पुढची काच माझ्या छातीपासून हातभर. मी दोन्ही हातांनी पत्र्यावर बडवलं.

"ए म्हाताऱ्या, मरायचंय का?" ड्रायव्हर.

"मरू नंतर. दार उघड."

आत चढलो. शर्टावर रक्त, पायात चप्पल नाय. बायकांनी लेकरं जवळ ओढली. "आपा! आपा हाय का?" नव्हती. उतरलो. दुसऱ्या गाडीचा कंडक्टर मला ढकलू लागला, मी त्याच्या पिशवीची पट्टी धरली, तो माझ्या वयाकडं बघून गप्प झाला. तिच्यात पण नव्हती. तिसरी जळगावहून आलेली, खच्चून भरलेली. खिडक्या बडवत मागपर्यंत गेलो. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मागं गाड्यांची रांग, लोक शिव्या घालू लागले. आपा सगळ्यात मागच्या सीटवर होती, मांडीवर पिशवी.

"कौन मारा तुमकू?" तिनं विचारलं.

"ती गेली आपा. डावा हात रिकामा हाय."

आपानं पिशवी खांद्याला लावली आणि लोकांना कोपरानं बाजूला सारत खाली उतरली. गुडघे दुखत होते तिचे, तरी माझ्यापुढं चालली.

घरात शिरताना बायका सरकल्या. मेव्हणा ओसरीवर पाठ करून बसला होता. आपा माझ्या बायकोच्या डाव्या बाजूला बसली, तोंडावरून हात फिरवला, आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. सात बांगड्या पदरावर मांडल्या. मग मनगट चाचपलं, पहिल्या दिवशी चाचपलं होतं तसं.

"कडक हो गया," म्हणाली. "जिंदा आदमी हाथ ढीला छोडता. ये नै छोडेगी. आव भाई, पकडो."

मी बसलो. मनगट खालून धरलं. अंगठ्याचं बूड आत दाबलं. दबेना.

"जोर से," आपा म्हणाली.

"नाय व्हायचं माझ्यानं."

"तुमसेच होता. जोर से."

पोरगी बघत होती. मी डोळे मिटले नायत. बाहेरच्या बाजूला पिळला, सगळ्या अंगाचा जोर लावून, जसा तेव्हा लावला होता. आतून आवाज आला, तोच. हात मऊ पडला. आपानं पहिली बांगडी अंगठ्यावरून पलीकडं नेली. दुसरी. तिसरी. सातही गेल्या. एक पण फुटली नाय.

आणि ती दचकली नाय. मी वाट बघितली.